वळवाचे वादळ, वस्तीवरची कुत्री आणि कॅमेरा : शेतावर राहणाऱ्या हौशी छायाचित्रकारांसाठी

एप्रिलपासून मृगाचा पाऊस लागेपर्यंतचे दिवस शेतवस्तीवर राहणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला वर्षातले सर्वांत उत्तम दिवस वाटतात, आणि त्याच वस्तीवरच्या कुत्र्यांसाठी ते सर्वांत अवघड असतात. काळ्या ढगाखाली पिवळ्या उन्हात उजळलेले शिवार, क्षितिजावर उतरणारी वीज, पावसाच्या पडद्याआड पुसट होत जाणारा डोंगर ही दृश्ये वळीवच देतो. आणि त्याच वेळी एरवी वस्तीची राखण करणारे निधड्या छातीचे कुत्रे पलंगाखाली शिरून थरथरत असते किंवा साखळी तोडून रानात पळून गेलेले असते. या दोन्ही गोष्टी एकाच घरात नीट सांभाळता येतात, मात्र त्यासाठी एक क्रम पाळावा लागतो. वादळ येण्यापूर्वी आणि ते गेल्यावर बाहेर काम करावे, वादळ चालू असताना घरातून करावे, आणि तिन्ही वेळी आधी कुत्र्याची सोय लावून मग कॅमेऱ्याला हात घालावा. हा क्रम केवळ भूतदयेपोटी सांगितलेला नाही. कुत्रे सुरक्षित आणि शांत असले तरच माणसाचे लक्ष चित्राकडे राहते, हे ज्यांनी भर वादळात हरवलेले कुत्रे हाका मारत शोधले आहे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

वळीव ओळखणे

पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर यांसारख्या पठारी जिल्ह्यांत आणि मराठवाड्यात वळीव बहुधा दुपारनंतर येतो, कारण दिवसभर तापलेल्या जमिनीवरची गरम हवा समुद्राकडून आलेले बाष्प घेऊन वर चढते आणि ढग वाढायला दुपार उलटावी लागते. सकाळी आभाळ निरभ्र असूनही घाम वाळत नसेल, दुपारी फुलकोबीसारखे पांढरे ढग पाहता पाहता उंच वाढत असतील आणि त्यांच्या माथ्यांच्या कडा गुळगुळीत होऊन ऐरणीसारख्या पसरू लागल्या असतील, तर संध्याकाळपर्यंत गडगडाट होण्याची शक्यता धरून चालावे. अशा ढगांचे माथे 12 ते 15 किलोमीटर उंचीपर्यंत जातात, त्यामुळे ते दूरच्या तालुक्यावर असतानाही आपल्या बांधावरून दिसतात. अंगावर कोसळणाऱ्या ढगापेक्षा असा लांबचा ढग छायाचित्रासाठी पुष्कळ चांगला असतो, हे आरंभीच लक्षात घ्यावे, कारण जवळच्या ढगाचा केवळ करडा तळ दिसतो आणि लांबच्या ढगाचे पायापासून माथ्यापर्यंतचे रूप एका चौकटीत मावते.

नजरेच्या अंदाजाला माहितीची जोड द्यावी. भारतीय हवामानशास्त्र विभाग जिल्हानिहाय पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतो, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आपल्या ठिकाणापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात विजा पडत आहेत का, हे दाखवते. शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हे ॲप असावे असे मला मनापासून वाटते. नेटवर्क गेले तर कान आणि घड्याळ कामी येतात. आवाजाला एक किलोमीटर अंतर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तिनाने भागले की अंतर कळते. हे अंतर 10 किलोमीटरच्या आत आले, म्हणजेच गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला, की बाहेरचे सर्व काम थांबवून पक्क्या घरात जावे. वीज पाऊस पडत असलेल्या भागापासून बऱ्याच दूरही पडते, त्यामुळे आपल्या डोक्यावर ऊन आहे ही सबब चालत नाही.

कुत्र्याची तयारी

पुष्कळ घरांत कुत्रे वर्षभर बाहेर, चिंचेच्या किंवा लिंबाच्या झाडाखाली साखळीने बांधलेले असते, आणि वादळातही ते तिथेच राहते. ही सवय आधी मोडली पाहिजे. झाडावर वीज पडली की विजेचा प्रवाह मुळांच्या भोवती जमिनीतून पसरतो, आणि चार पायांवर उभ्या असलेल्या जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांमध्ये अंतर अधिक असल्यामुळे हा प्रवाह त्याच्या शरीरातून, हृदयाजवळून जाण्याचा धोका माणसापेक्षा जास्त असतो. झाडाखाली बांधलेल्या गाई-म्हशी एकाच विजेने दगावतात त्यामागे मुख्यतः हेच कारण असते. लोखंडी साखळी, तारेचे कुंपण, एकटे उभे असलेले पत्र्याचे शेड आणि विहिरीवरची मोटर या सर्वांपासून कुत्र्याला दूर ठेवावे. इशारा मिळालेल्या दिवशी दुपारी तीन-चारच्या सुमारासच त्याला घरात घ्यावे, कारण पहिला मोठा गडगडाट झाल्यावर घाबरलेले कुत्रे हाकेला ओ देईलच असे नाही.

घरातील जागा कुत्र्यालाच निवडू द्यावी. बहुतेक कुत्री आपणहून अंधारी, अडगळीची जागा शोधतात: माजघराचा कोपरा, पलंगाखालची मोकळी जागा, धान्याच्या पोत्यांच्या मागची फट. त्या जागी जुने गोणपाट किंवा घोंगडी टाकावी, पाण्याचे भांडे ठेवावे आणि खिडकी झाकून घ्यावी, म्हणजे विजेचा लखलखाट कमी होतो. पंखा किंवा रेडिओ लावल्याने गडगडाटाची धार थोडी बोथट होते. मात्र वादळात वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता असल्याने बॅटरीवर चालणारा रेडिओ हाताशी असलेला बरा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर ते अधिकच भित्रे होते असा समज गावोगावी आहे, पण तो खरा नाही. भीती ही काही शिकवून लावलेली खोड नव्हे, त्यामुळे मायेने जवळ घेतल्याने ती वाढत नाही. कुत्रे आपणहून अंगाला चिकटत असेल तर त्याला शांतपणे जवळ बसू द्यावे. ते लपून बसले असेल तर मात्र ओढून बाहेर काढू नये, कारण कोंडीत सापडलेले अत्यंत मायाळू कुत्रेही चावू शकते. कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीजची लस वस्तीवरच्या प्रत्येक कुत्र्याला दरवर्षी टोचलेली असणे ही तर या सर्वांच्या आधीची गोष्ट आहे.

गडगडाटाची भीती कमी करण्याचा खरा उपाय फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू करावा लागतो. मोबाइलवर गडगडाटाचे ध्वनिमुद्रण अतिशय हळू आवाजात लावावे, इतक्या हळू की कुत्रे कान टवकारील पण उठणार नाही, आणि तो आवाज चालू असताना त्याला आवडीचा खाऊ द्यावा. बिनमसाल्याच्या उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे किंवा अंड्याचा तुकडा पुरतो. कांदा-लसूण घातलेल्या रश्श्यात बुडवलेली भाकरी देऊ नये, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपायकारक असतात. काही दिवसांच्या अंतराने आवाज अगदी थोडा वाढवत न्यावा आणि कुत्रे अस्वस्थ दिसले की लगेच आधीच्या पातळीवर यावे. यात घाई केली तर उलटा परिणाम होतो. एवढे करूनही जे कुत्रे दार ओरबाडते, दात तुटेपर्यंत जाळी चावते किंवा खाणे सोडते, त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे. अशा भीतीवर औषधे आहेत. घरातील माणसांच्या गोळ्या मात्र कदापि देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखी साधी वाटणारी गोळीसुद्धा कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा करते.

कॅमेऱ्याचीही ओळख आधीच करून द्यावी लागते. गावातील बहुतेक कुत्र्यांनी कधी ना कधी काठी खाल्लेली असते, आणि घडी घातलेला ट्रायपॉड त्यांना काठीसारखाच दिसतो. म्हणून चार-आठ दिवस तो ओसरीवर नुसता उघडून ठेवावा, त्यांना हुंगू द्यावा आणि मगच त्याला हात लावावा. भिंग थेट तोंडावर रोखले की कुत्रे मान वळवते, कारण टक लावून पाहणे ही त्यांच्या भाषेत धमकी असते. कॅमेरा छातीशी धरून, अंग थोडे वळवून बसले आणि अधूनमधून खाऊ दिला की काही दिवसांत ते कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष करू लागते. आपल्याला हवे असते ते हेच दुर्लक्ष. फ्लॅश कुत्र्यांवर वापरूच नये, आणि वादळाला भिणाऱ्या कुत्र्यावर तर मुळीच नाही.

ढग भरून येतानाचा वेळ

वादळ अजून लांब असताना, गडगडाट ऐकू येण्यापूर्वी, जो तासभर मिळतो त्यात या हौसेतील सर्वांत सुंदर चित्रे निघतात, असे माझे ठाम मत आहे. ढग एका बाजूला आणि सूर्य दुसऱ्या बाजूला असेल तर काळसर पार्श्वभूमीवर उन्हातले कुत्रे, पिवळे गवत आणि नांगरलेले ढेकूळ असे काही उठून दिसते की कोणत्याही रंगसंस्काराची गरज राहत नाही. सूर्य आपल्या पाठीशी किंवा तिरपा बाजूला राहील अशी जागा दुपारीच हेरून ठेवावी. जमिनीवर बसून किंवा पोटावर झोपून कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा, म्हणजे त्याच्या मागे जमिनीऐवजी आभाळ येते आणि ढगाची भव्यता कळते. उभ्याने घेतलेल्या चित्रात कुत्रे मातीत बुडून जाते.

प्रकाशमापन करताना कुत्र्याचा रंग ध्यानात घ्यावा. काळ्या कुत्र्याने चौकट भरली असेल तर कॅमेरा त्याला करडे करू पाहतो, म्हणून प्रकाश अर्धा ते एक टप्पा (एक टप्पा म्हणजे निम्मा किंवा दुप्पट प्रकाश) कमी करावा. पांढऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तितकाच वाढवावा. तेच काळे कुत्रे मोकळ्या आभाळापुढे लहान दिसत असेल तर मात्र उलटे घडते: कॅमेरा आभाळाला भुलतो आणि कुत्र्याची नुसती छाया उरते. तेव्हा प्रकाश वाढवला तर ढगांतील बारकावे जातात, म्हणून जागा बदलून कुत्र्यावर ऊन घेणे हाच चांगला उपाय, आणि कॅमेऱ्यात सोय असेल तर चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात, साठवावे. तांबूस गावठी कुत्र्यांबाबत ही अडचण फारशी येत नाही. पळत्या कुत्र्यासाठी शटरचा वेग किमान सेकंदाचा 1/1000 भाग ठेवावा. कारवानीसारख्या लांब पायांच्या शिकारी कुत्र्यासाठी त्याहूनही अधिक. मोबाइलवर चित्र घेणाऱ्यांनी भिंग मऊ कापडाने पुसून, कुत्र्याच्या डोळ्यावर बोट ठेवून तिथे फोकस बांधावा आणि लागोपाठ चित्रे घेण्याची सोय वापरावी.

अचानक वारा फिरला, गार झोत आला आणि शेताच्या टोकाला धुळीची भिंत उठलेली दिसली की पावसाच्या ढगातून खाली कोसळलेली थंड हवा आपल्यापर्यंत पोहोचली असे समजावे. हे दृश्य विलक्षण असते, पण याच वाऱ्याने गोठ्याचे पत्रे उडतात आणि फांद्या मोडतात. या क्षणी कुत्र्याला घेऊन आत जावे. खळ्यावरचे पत्रे, ताडपत्र्या आणि कडब्याची गंज दुपारीच बांधून ठेवलेली असेल तर ही वेळ धावपळीची ठरत नाही.

विजेचे चित्र घरातून घेणे

विजेचे चांगले चित्र घेण्यासाठी माळावर उभे राहावे लागते ही समजूत घातक आहे. उघडी ओसरी, चारी बाजूंनी मोकळा मंडप, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांपैकी काहीही सुरक्षित नाही. पक्क्या भिंतींचे, स्लॅबचे घर सुरक्षित आहे, आणि काचा बंद केलेली, लोखंडी छपराची चारचाकीही आहे, फक्त ती झाडाखाली किंवा तारांखाली उभी करू नये. घरातून काम करताना दिवे मालवावेत, खिडकीची काच बंद ठेवावी आणि भिंगाची कड काचेच्या अगदी जवळ आणून भोवती काळे कापड धरावे, म्हणजे आतले प्रतिबिंब चित्रात येत नाही. खिडकीच्या लोखंडी गजांना हात लावू नये आणि धातूचा ट्रायपॉडही टेकवू नये. कॅमेरा आणि मोबाइल भिंतीतील सॉकेटमध्ये लावलेले नसावेत. बॅटऱ्या दुपारीच भरून ठेवाव्यात. टीव्ही, इन्व्हर्टर आणि पंपाचा स्टार्टर यांच्या जोडण्याही वादळापूर्वीच काढाव्यात.

रात्रीच्या विजेचे तंत्र समजायला सोपे आहे, आणि ते समजले की आकडे पाठ करावे लागत नाहीत. वीज डोळ्यांना एकच झळक वाटली तरी तिच्यात एकाच वाटेने लागोपाठ उतरणारे अनेक प्रहार असू शकतात, आणि ते सर्व बहुधा अर्ध्या-एक सेकंदात आटोपतात. शटर त्याआधीपासून दहा-पंधरा सेकंद उघडे असते. त्यामुळे चित्रात वीज किती ठळक उमटेल हे शटरच्या वेळेवर ठरत नाही, ते छिद्राच्या (भिंगातून प्रकाश आत येण्याच्या वाटेच्या) आकारावर आणि आयएसओवर (कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेवर) ठरते. शटरच्या वेळेने फक्त भोवतालचे आभाळ आणि जमीन किती उजळेल ते ठरते. म्हणून आयएसओ 100, छिद्र एफ/8 (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) आणि वेळ 10 ते 20 सेकंद येथून आरंभ करावा. वीज पांढरी फटक, जाड पट्ट्यासारखी येत असेल तर छिद्र एफ/11 करावे. फार लांबची, पुसट येत असेल तर एफ/5.6 करावे किंवा आयएसओ 400 पर्यंत न्यावा. वीज ठीक आहे पण आभाळ फार उजळले आहे, असे दिसले तर केवळ वेळ कमी करावी.

फोकस अंधार पडण्यापूर्वीच लांबच्या डोंगरावर, किंवा रात्री दूरच्या टॉवरच्या लाल दिव्यावर, हाताने जुळवावा आणि मग स्वयंचलित फोकस बंद करावा, नाहीतर अंधारात भिंग मागे-पुढे चाचपडत राहते आणि वीज निघून जाते. ट्रायपॉडवर असताना कंपनरोधक सोय बंद ठेवावी. लांब वेळेच्या चित्रातील कण घालवणारी सोयही (नॉइज रिडक्शन) बंद करावी, कारण ती प्रत्येक चित्रानंतर तितकाच वेळ कॅमेरा अडकवून ठेवते. मग एकामागून एक चित्रे आपोआप निघत राहतील अशी योजना करावी आणि आपण कुत्र्याजवळ जाऊन बसावे. या पद्धतीचा मोठा फायदा हाच आहे की कॅमेऱ्याला आपली गरज उरत नाही, आणि ज्याला आपली गरज आहे त्याच्यापाशी आपल्याला थांबता येते.

मोबाइलच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे आकडे स्वतः ठरवण्याच्या सोयीत, आयएसओ 50 ते 100 आणि वेळ 4 ते 8 सेकंद ठेवून हेच साधते. मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तकांच्या आधाराने घट्ट उभा करावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. दिवसाउजेडी मात्र एवढा वेळ शटर उघडे ठेवता येत नाही आणि वीज पाहून बोट दाबेपर्यंत बहुधा उशीर होतो, म्हणून चित्रफीत घेऊन तिच्यातील हवे ते दृश्य वेगळे काढणे हाच साध्या साधनांचा मार्ग आहे.

पाऊस ओसरल्यावर

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून 30 मिनिटे घरातच थांबावे. या नियमामुळे कधीकधी मावळतीचा सुंदर उजेड हातचा जातो, आणि तो जाऊ द्यावा. उजेड शिल्लक असेल तर सूर्याकडे पाठ करून आभाळ पाहावे, कारण इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूस उमटते. सूर्य क्षितिजापासून 42 अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसत नाही, आणि सूर्य जितका खाली तितकी कमान मोठी. साचलेल्या डबक्यातील प्रतिबिंबे आणि अंग झटकणाऱ्या कुत्र्याभोवती उडणारे तुषार यांसाठीही हीच वेळ. तुषार टिपायचे तर कुत्र्याच्या मागून तिरपे ऊन घ्यावे आणि शटरचा वेग पुन्हा 1/1000 ठेवावा.

बाहेर पडताना पहिली नजर तारांवर टाकावी. वाऱ्याने तुटून पडलेली वीजवाहक तार ओल्या जमिनीत प्रवाह सोडत असते, आणि पुढे धावणारे कुत्रे तिला सर्वांत आधी शिवते. म्हणून संपूर्ण वाट पाहून होईपर्यंत कुत्र्याला दोरीने जवळ ठेवावे, आणि तार दिसली तर लांबूनच वीज कार्यालयाला कळवावे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर अशा उसाच्या पट्ट्यात संधिप्रकाशातील चित्रांसाठी उसाच्या कडेला कुत्रे घेऊन बसू नये, कारण कुत्रे हे तिथल्या बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. पहिल्या पावसानंतर बिळांत पाणी शिरल्याने सापही बाहेर येतात. कुत्र्याला साप चावल्याची शंका आली तर चिरा देणे, दोरीने आवळणे यात वेळ न घालवता त्याला उचलून थेट पशुवैद्यकाकडे न्यावे. भेक तोंडात धरल्याने कुत्र्याच्या तोंडाला फेस आला तर तोंड भरपूर पाण्याने पुसून-धुऊन काढावे, आणि पाणी घशात जाऊ नये म्हणून त्याची मान खाली धरावी.

घरी आल्यावर कुत्रे कोरडे पुसून कानांत, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहाव्यात, कारण ओलाव्यात त्या झपाट्याने वाढतात आणि त्यांच्यामुळे होणारा ताप जीवघेणा ठरू शकतो. गोचीड मारण्यासाठी पिकावरचे कीटकनाशक अंगाला चोळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ते विष कुत्रे चाटून पोटात घेते, म्हणून पशुवैद्यकाने दिलेले औषधच वापरावे. डबक्यातील पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य रोगही होतो, आणि त्याची लस उपलब्ध आहे.

कॅमेरा भिजला नसला तरी वळवापासून हस्ताच्या पावसापर्यंत भिंगावर बुरशी धरण्याचा धोका राहतो. कॅमेरा कातडी पिशवीत किंवा कपाटातील कपड्यांत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवावा आणि आतील आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. लहान आर्द्रतामापक त्यासाठी पुरतो. तांदळात कॅमेरा पुरून ठेवल्याने त्यात पिठाची धूळ जाते, म्हणून ते टाळावे. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घेता येतात, पण त्या दाण्यांतील निळा रंग कोबाल्टच्या विषारी क्षारामुळे आलेला असतो. त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये, आणि घरात पिल्ले असतील तर रंग नसलेले पांढरे दाणे घ्यावेत व डबा त्यांचे तोंड पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावा.